मदत हवी आहे: कासच्या जुन्या टेपा, एसडी आणि एचडी

नमस्कार. मी साताऱ्याचा. माझे वडील वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते आणि पाऊस ओसरू लागला की कॅमकॉर्डर घेऊन कास पठारावर जात असत. त्यांच्या मिनीडीव्ही टेपांचा (कॅमकॉर्डरच्या लहान डिजिटल कॅसेटींचा) खोका माझ्याकडे आहे. सुरुवातीच्या टेपा साध्या डीव्ही कॅमेऱ्यावरच्या आहेत, तर पुढे त्यांनी कॅमेरा बदलला आणि त्यानंतरच्या टेपांवर स्वतःच्या अक्षरात ‘एचडीव्ही’ असे लिहून ठेवले. बाहेरून दोन्ही टेपा अगदी सारख्या दिसतात.

नमुना म्हणून प्रत्येक प्रकारची एक टेप शहरातील एका दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि घरच्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर लावली. गेंदाचे बटणाएवढे पांढरे गोंडे दोन्ही फायलींत सारखेच पुसट दिसतात आणि वारा आला की तेरड्याच्या पाकळ्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. जुन्या टेपेतील माणसे तर आडवी ताणलेली वाटतात. संगणकावर तपासले असता दोन्ही फायलींतील चित्राचा आकार ७२० × ५७६ दिसतो. एचडीव्ही टेपही एसडीच (एचडीहून कमी बारकाव्याची) का निघाली? दुकानदार जादा पैसे घेऊन सर्व टेपा ‘फुल एचडी करून’ देण्यास तयार आहे. ते करून घ्यावे का? वडिलांनी फुलांच्या ओळखीसाठी देठ, पाने, पुंकेसर जवळून टिपले आहेत, त्यामुळे बारकावा माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एसडी चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपक्यांचे असते. फुल एचडी टीव्हीचा पडदा १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचा असतो, बरोबर पाचपट. एसडी फाईल लावली की उरलेले चार हिस्से टीव्ही शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. दुकानदारही तेच करणार आहे. जो पुंकेसर टेपेवर उमटलाच नाही, तो त्यातून उमटणार नाही, फाईल मात्र मोठी होईल. जुन्या टेपांसाठी ते पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एचडीव्ही टेपांची गोष्ट वेगळी आहे. त्यांवर १४४० × १०८० चे खरे एचडी चित्र असते. ते त्याच मिनीडीव्ही कॅसेटवर मावते, कारण डीव्हीप्रमाणेच सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट एवढाच प्रवाह ठेवून ते एमपेग-२ पद्धतीने अधिक दाबलेले असते. मग आपली फाईल एसडी का निघाली? दोन शक्यता दिसतात. एक तर दुकानात पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने टेप उतरवली असावी. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. किंवा कॅमेऱ्याच्या मेनूतील ‘आय-लिंक कन्व्हर्ट’ ही सोय चालू राहिली असावी. काही एचडीव्ही कॅमेऱ्यांत ती असते आणि ती चालू असताना फायरवायरमधून (टेपेवरचे चित्र संगणकात नेणाऱ्या डिजिटल वायरीतून) एचडीव्ही चित्र बाहेर येतानाच डीव्ही, म्हणजे एसडी होऊन येते. ती बंद करून फायरवायरनेच टेप उतरवावी.

दाते येण्याचा संबंध एसडी-एचडीशी नाही. दोन्ही कॅमेरे प्रत्येक चौकट दोन हिश्शांत टिपतात, आधी एकाआड एक ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. तेवढ्यात वाऱ्याने फूल हलले की दोन हिस्से जुळत नाहीत आणि दाते दिसतात. जुने नळीचे टीव्ही ओळी याच क्रमाने रंगवीत असत, म्हणून तेथे हा दोष कधी दिसला नाही. यावर उपाय म्हणजे पाहण्याची प्रत काढताना डीइंटरलेस करणे, म्हणजे प्रत्येक हिश्शाची पूर्ण चौकट बनवणे, आणि ती सेकंदाला ५० चौकटींची ठेवणे. २५ ठेवल्यास निम्मी हालचाल गमावली जाते. मूळ फाईलला मात्र हात लावू नये.

माणसे आडवी दिसतात, कारण ४:३ चे चित्र टीव्ही १६:९ मध्ये ताणत आहे. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ४:३ निवडावे. बाजूंना काळे पट्टे दिसतील. ते तसेच असू द्यावेत.

प्रतिसाद २

वरील माहितीत थोडी भर घालतो. डीव्ही टेप जशीच्या तशी उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. आपल्या तासाभराच्या फायली दीड-दोन जीबीच्या असतील, तर त्या दाबलेल्या आहेत, हे नक्की समजावे आणि पुसटपणाचे तेही एक कारण असू शकते. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही. म्हणून पोर्टेबल हार्ड डिस्क घेऊन जावी. डीव्हीडीवर उतरवून देतो म्हटले तर एचडीव्ही टेपांसाठी नकार द्यावा, कारण नेहमीची व्हिडिओ डीव्हीडी एसडीच असते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या फायली खरोखरच दोन जीबीच्या आतल्या आहेत. वडिलांचा एचडीव्ही कॅमेरा अजून चालतो. त्याला यूएसबीचे छिद्रही आहे. त्यातून टेप उतरवता येईल का?

प्रतिसाद १

बहुतेक अशा कॅमेऱ्यांत यूएसबी ही कार्डावरील फोटोंसाठी असते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. शेजारी फायरवायरचे लहान चौकोनी छिद्र असेल. नव्या लॅपटॉपला ते नसते, म्हणून फायरवायर कार्ड बसवलेला डेस्कटॉप असलेला व्हिडिओग्राफर साताऱ्यात किंवा कऱ्हाडला शोधावा आणि कॅमेरा सोबत न्यावा. आधी एकाच एचडीव्ही टेपेची दोन मिनिटे उतरवून फाईलमधील चित्राचा आकार पाहावा. १४४० × १०८० दिसले तर काम योग्य झाले. १९२० का नाही, अशी शंका येईल, पण एचडीव्हीचा प्रत्येक ठिपका उंचीपेक्षा रुंद असतो आणि दाखवताना चित्र आपोआप १६:९ मध्ये पसरते. ७२० × ५७६ दिसले, तर तेथेच थांबून मेनूतील ती सोय पुन्हा तपासावी.