मदत हवी आहे: कोहाच्या मॅन्युअलमध्ये सुट्टीच्या दंडाचं पान सापडेना

दांडियाबाजारकर:

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला आमचं लहानसं मराठी वाचनालय आहे. संध्याकाळचे दोन तास मी तिथे देवघेव बघतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, ग्रंथालयशास्त्र शिकलेलो नाही. दोन वर्षांपूर्वी दाखल नोंदवह्या मिटल्या आणि कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. ज्यांनी बसवून दिलं त्यांचा फोन हल्ली लागत नाही, म्हणून जे अडेल ते मॅन्युअल वाचूनच सोडवायचं.

अडलंय ते असं. उत्तरायणाचे दोन्ही दिवस, १४ आणि १५ जानेवारी, वाचनालय बंद असतं. (वासी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशीही, गच्चीवरचे पतंग सोडून कोण येणार पुस्तक बदलायला?) १६ तारखेला एक आजोबा आले. पुस्तकाची मुदत १३ ला संपलेली. पडद्यावर तीन दिवसांचा दंड, सहा रुपये. आजोबा म्हणाले, "दाराला कुलूप तुम्ही लावायचं आणि दंड मी भरायचा?" काय बोलणार! सहा रुपये माझ्या खिशातून भरले.

आता सुट्टीचे दिवस दंडातून वगळायची सोय कोहात असणारच. पण ती लिहिली आहे कुठे? मॅन्युअलच्या शोधखिडकीत 'मेंबर इश्यू रिटर्न हॉलिडे फाइन' असं सगळं एका दमात टाकलं, हाती काही लागलं नाही. नुसतं 'फाइन' टाकलं तर निम्मं मॅन्युअल अंगावर आलं. गूगलवर गेलो तर एक पान मिळालं, अगदी हवं तसं वाटणारं, पण त्यातली चित्रं आणि आमचा पडदा जुळेचना. नंतर लक्षात आलं, ते कोहाच्या ३.२२ या आवृत्तीचं होतं. आमचं २२.११ आहे. दोन्हीत बावीस बघून मी खुशाल तासभर वाचत बसलो होतो.

१९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणून ज्या गावात ग्रंथालयांची घडी बसवली, त्या गावात मला एक पान सापडत नाही. आमच्याच आवृत्तीचं मॅन्युअल नेमकं कसं गाठायचं आणि त्यात शोधायचं कसं, कोणी सांगेल का?

शिळीपोळी:

आजोबांना माझा पाठिंबा. बाकी वाचतोय, आमच्याकडेही हेच रडगाणं आहे.

कपाटकिल्ली:

कॉलेजात ग्रंथपाल आहे, रोज कोहावरच असतो.

आधी आकड्यांचा घोळ. ३.२२ ही २०१५ ची आवृत्ती. तिच्यानंतर कोहाने मोजायची पद्धतच बदलली आणि १६.०५ आलं, म्हणजे २०१६ चा मे. तुमचं २२.११ म्हणजे २०२२ चा नोव्हेंबर. तुमच्याकडे नक्की काय आहे ते 'अबाउट कोहा' या पानावर दिसतं. मॅन्युअलच्या पत्त्यातही हाच आकडा असतो. गूगलवरून आलात तर आधी पत्त्याकडे बघायचं, मग वाचायचं.

त्याहून सोपं म्हणजे गूगलवर जाऊच नका. कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात 'हेल्प' असतं. ज्या पानावर उभे असाल त्याच विषयाचं मॅन्युअल उघडतं. मला स्वतःला हे फार उशिरा कळलं, सांगायला लाज वाटते.

शोधखिडकीचं म्हणाल तर ती टाकलेले सगळे शब्द एकाच पानात मागते. एक शब्द नसला की पान गळालं. त्यात आपले शब्द वेगळे. आपण इश्यू-रिटर्न म्हणतो, मॅन्युअल चेक आऊट-चेक इन म्हणतं. आपला सभासद तिथे पेट्रन. शब्द एकच टाका, पण त्यांचा टाका. तुमच्या कामाचा शब्द 'कॅलेंडर'. प्रकरणं लांबलचक आहेत, म्हणून पान उघडलं की कंट्रोल-एफ दाबून आत पुन्हा शोधा.

दुसरी जागा सिस्टिम प्रेफरन्सेस, म्हणजे कोहाच्या सेटिंग्जचं पान. तिथेही स्वतःची शोधखिडकी आहे. 'फाइन्सकॅलेंडर' बघा. बंद दिवस दंडात धरायचे की नाही, ते तिथे ठरतं.

दांडियाबाजारकर:

कपाटकिल्ली, आभारी आहे. 'कॅलेंडर' टाकल्यावर पान लगेच मिळालं. फाइन्सकॅलेंडर बघितलं, ते बरोबरच होतं, बंद दिवस धरायचे नाहीत असं. म्हणजे सुट्ट्याच कोणी भरलेल्या नसणार. पण पानावर लिहिलंय की टूल्समध्ये, ॲडिशनल टूल्सखाली कॅलेंडर आहे. माझ्या पडद्यावर तिथे कॅलेंडर नाहीच. आवृत्ती तर आता जुळतेय!

कपाटकिल्ली:

तुमच्या लॉगिनला परवानगी नसेल. ज्याची परवानगी नाही ते साधन कोहा दाखवतच नाही, आणि आपण मॅन्युअलला दोष देत बसतो. ज्यांच्याकडे सुपरलायब्ररियनचं, म्हणजे सगळ्या परवानग्या असलेलं, लॉगिन असेल त्यांना कॅलेंडर बदलायची परवानगी द्यायला सांगा.

सुट्टी भरताना प्रकार नीट निवडा. साप्ताहिक सुट्टी दर आठवड्याला येणारी म्हणून टाका. उत्तरायणाची तारीख ठरलेली, ती दरवर्षीची म्हणून एकदाच टाकली की झालं. दिवाळी मात्र तशी टाकू नका, तिथीने सरकते. ती त्या-त्या वर्षापुरती.

शिळीपोळी:

आमच्याकडे दिवाळी 'दरवर्षीची' म्हणूनच टाकली आहे. आता कळलं घोटाळा कुठे आहे. पळतो.

दांडियाबाजारकर:

झालं! सुपरलायब्ररियनचा पासवर्ड चिटणिसांच्या डायरीत होता, शेवटच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली. परवानगी घेतली, सोमवारची साप्ताहिक सुट्टी आणि उत्तरायण भरलं. तपासायला महिन्याभराने मुदत संपणारं एक पुस्तक स्वतःच्याच नावावर घेतलंय, मुदतीच्या पुढच्या सोमवारी कळेल.

दोन वर्षांत असा दंड किती जणांनी भरला असेल, ती यादी काढायला घेतोय. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "माझे सहा रुपये तुम्हीच भरलेत, मला कसले परत देता? त्या पैशात शेवउसळ येत असेल तर बघा."