पातळी ओलांडल्यावर दिलेला इशारा कुणाच्या कामाचा? (उल्हास नदी, ठाणे जिल्हा; चर्चा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उल्हासकाठ

पावसाळ्यात आपल्याकडे दोन प्रकारचे निरोप फिरतात. एक हवामान खात्याचा रंग: ठाणे जिल्हा ऑरेंज, ठाणे जिल्हा रेड. दुसरा आपत्ती कक्षाचा आकडा: बदलापूर बंधाऱ्यावर पाणी इतके मीटर, इशारा पातळी 16.50, धोका पातळी 17.50.

रंग पावसाचा असतो, नदीचा नसतो. 24 तासांत 204.4 मिमीच्या वर गेला की तो अत्यंत मुसळधार, आणि हे 24 तास मोजायचे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. तेवढाच पाऊस दिवसभर रिपरिपत पडला तर नदी तो पोटात घेते. घाटात तीन तासांत कोसळला तर घेत नाही. रंग मात्र दोन्ही दिवशी तोच.

दुसरा निरोप बिनचूक असतो, पण झालेल्या गोष्टीचा. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला 'आत्ता 16.80' कळून उपयोग काय? पाणी दारात येणार का आणि किती वाजता, हे तिला हवं असतं.

उल्हास खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरातून उतरते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. घाटात पडलेलं पाणी खाली यायला काही तास घेतं. ते तास आपण वाया घालवतो. माझं म्हणणं असं: वरचा पाऊस आणि कर्जतची पातळी पाहून '16.50 ओलांडायची शक्यता तीनात एक' एवढं जरी दिसलं, तरी लोकांना तेव्हाच सांगावं.

मोजपट्टी

विरोध. तीनात एक म्हणजे तीनपैकी दोनदा खोटं. पहाटे तीनला उठवून दोनदा काही झालं नाही, तर तिसऱ्यांदा कोण उठेल?

अंदाज कुठे फसतो ते आधी बघा. पर्जन्यमापक बहुतेक खाली, वस्तीजवळ. कड्यावर खालच्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, आणि रडार ढगातल्या थेंबांच्या परताव्यावरून पाऊस ठरवतं, जमिनीवर पडलेला मोजत नाही. म्हणजे सुरुवातीचा आकडाच डळमळीत. मग पातळीवरून विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहतं ते) काढायचा तक्ता: नदीत वेगवेगळ्या पातळ्यांना प्रवाहाचा वेग मोजून तो बनवतात. पण ऐन महापुरात वेग मोजायला कुणी उतरत नाही, त्यामुळे तक्त्याचं वरचं टोक रेघ पुढे ओढून काढलेलं असतं. आपल्याला नेमकं तेच टोक लागतं. नदीचा तळ भरला, वाळू उपसली, काठावर भराव पडला की तोच तक्ता चुकीचा बोलायला लागतो.

यंत्राचंही सांगतो. पुलाखाली लावलेला रडार सेन्सर वरून लहरी सोडतो आणि खालच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजतो. पहिल्या जोरदार पावसात जलपर्णीचा गठ्ठा वाहत येऊन त्याच्या खाली अडकला की सेन्सर पाण्याची नाही, पानांची उंची सांगतो. पाण्यात बुडवलेला दाबाचा सेन्सर पानांना फसत नाही, पण गाळात रुततो. म्हणून काठावरची रंगवलेली पट्टी आणि ती वाचणारा माणूस अजून लागतो. पट्टीवर 16.50 दिसलं की त्यावर वाद नाही. आणि इशारा व धोका यांच्यामधला एक मीटर तयारीसाठीच ठेवलेला आहे.

उल्हासकाठ

तो एक मीटर उंची आहे, वेळ नाही. तासाला 20 सेंमी चढ असेल तर पाच तास मिळतात, 50 सेंमी असेल तर दोनच. मग निदान चढाचा वेग तरी प्रत्येक निरोपात द्या. दर तासाचे आकडे हातात असताना ही फक्त वजाबाकी आहे, त्याला मॉडेल लागत नाही.

26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा ठिकाणी 'आत्ता किती' पेक्षा 'दोन तासांनी किती' हाच प्रश्न असतो.

घाटमाथा

दोघंही सगळ्यांसाठी एकच उंबरठा धरताय, गोची तिथे आहे. दुकानातला माल माळ्यावर चढवायला समजा 1,000 रुपये हमाली, आणि भिजला तर 40,000 चं नुकसान. 1,000 भागिले 40,000 म्हणजे अडीच टक्के. या दुकानदाराने दहा टक्के शक्यतेलाही माल उचलावा, नऊ वेळा फुकट गेला तरी तो फायद्यातच राहतो. याउलट लोकल बंद करणं किंवा अख्खी वस्ती शाळेत हलवणं महाग, तिथे शक्यता बरीच जास्त लागते. म्हणून प्रशासनाने शक्यतेचा आकडा दाबून ठेवू नये. तो दुकानदाराला, गोठेवाल्याला, रेल्वेला एकाच वेळी द्यावा, ज्याचा उंबरठा त्याने ठरवावा.

मोजपट्टी, तीनात दोनदा पाणी आलं नाही तर ते 'खोटं' ठरत नाही. 33 टक्के म्हटल्यावर दहाच्या दहाही वेळा पाणी आलं, तर चुकलेला अंदाज तो.

बारवीकर

मधेच एक दुरुस्ती, कारण दर वर्षी हीच अफवा उठते. 'बारवीचे दरवाजे उघडले, बदलापूर बुडणार' असे मेसेज फिरतात. हे धरण ज्या बारवी नदीवर आहे, ती उल्हासला बदलापूरच्या खालच्या अंगाला मिळते. बदलापुरात चढणारं पाणी वरून, कर्जतकडून येतं. बारवीच्या विसर्गाचा धोका धरणाखालच्या गावांना आणि संगमापुढच्या काठाला.

शिवाय ते दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी 72.60 मीटरला पोचलं की आपोआप उघडतात, हुकुमाची वाट पाहत नाहीत. तेव्हा इशाराही हुकुमावर बेतून चालणार नाही. पाणी 72.00 ला आहे आणि तासाला 10 सेंमी चढतंय, तर हातात सहा तास. तलाठी आणि पोलीस पाटलाला निरोप तेव्हाच जायला हवा. उजेडी गेलेला निरोप आणि रात्री वाजलेला भोंगा यात फार फरक आहे, विशेषतः ज्यांची जनावरं नदीकाठच्या गोठ्यात बांधलेली आहेत त्यांच्यासाठी.

खाडीवारा

कल्याणच्या खाली ही सगळी गणितं बदलतात. तिथे खाडी आहे, भरतीचं पाणी उलटं चढतं आणि नदीला फुगवटा येतो. विसर्ग तोच, पण ओहोटीला काठाच्या आत आणि उधाणाला घरात. मुंबई बंदराच्या भरतीची वेळ इथे जशीच्या तशी लावू नका, आत यायला तिला उशीर होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे एक-दोन दिवस जास्त वाईट. रेतीबंदर, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात पातळीच्या निरोपात भरतीची स्थानिक वेळ नसेल तर निरोप अर्धाच.

नवी मुंबईत तर नदी नसतानाही हेच. वसवलेली जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली, म्हणून धारण तलाव आणि खाडीच्या तोंडाला झडपा. भरतीला झडप मिटते, पाऊस तलावात साठतो, ओहोटीला बाहेर जातो. तलावात गाळ असला किंवा झडप नीट मिटत नसली, की मध्यम पावसातही रस्त्यावर पाणी. तिथे पर्जन्यमापकाच्या जोडीला तलावाची पातळी जाहीर करा.

मोजपट्टी

चढाचा वेग द्यायला हवा, हे मान्य. बारवीचंही मान्य. शक्यतेच्या आकड्याबाबत माझा विरोध कायम आहे, पण द्यायचाच असेल तर पोचवण्याचं बघा. साधा एसएमएस रांगेत अडकतो. सेल ब्रॉडकास्ट टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकदम जातो, नंबर लागत नाही आणि फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. 2023 मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या, अनेकांना तो आवाज आठवत असेल. पण अख्ख्या जिल्ह्यावर सोडला तर घोडबंदरचा माणूसही दचकेल आणि पुढच्या वेळी बंद करून टाकेल. हद्द रमेशवाडी, हेंद्रेपाडा, वालिवली, रायता अशी नदीकाठापुरतीच आखा.

उल्हासकाठ

हद्दीचं पटलं. मग मजकूर असा चालेल का: 'बदलापूर बंधारा, रात्री 11: 16.20 मीटर, तासाला 30 सेंमी चढ. रात्री 12 पर्यंत इशारा पातळी, पहाटे साडेतीनच्या सुमारास धोका पातळी ओलांडण्याची शक्यता दहात सहा. तळमजला रिकामा करा, मेन स्विच बंद करा. पुढचा निरोप 12 वाजता.' पुढच्या निरोपाची वेळ हवीच, नाहीतर लोक अफवांकडे वळतात. आणि गल्लीतल्या विजेच्या खांबांवर 17.50 ची रेघ मारा, म्हणजे आकडा कुठवर येतो ते डोळ्यांना दिसेल.

मोजपट्टी

मजकूर चालेल. रेघ मात्र बंधाऱ्यावरून लेव्हल लावून मारू नका. पुरात पाण्याचा पृष्ठभाग उताराचा असतो, बंधाऱ्यावर 17.50 असताना वरच्या वळणावर पाणी त्याहून उंच असतं. 2019 आणि 2021 च्या पुराचे डाग ज्या भिंतींवर अजून दिसतात ते आधी मोजून घ्या, त्या वेळी बंधाऱ्यावर किती होतं ते नोंदवहीत बघा, आणि प्रत्येक गल्लीची रेघ त्यावरून काढा. रंगकाम सुरू व्हायच्या आत, कारण डाग पुसले की मोजायला काही उरत नाही.