[सभासद] तातडीचं: शनिवारी रात्री ढोलांची व्हॅन कुठे लावायची?

अनिरुद्ध (पथक), गुरुवार सकाळ

मंडळी, घाईत लिहितोय. शाळेच्या ऑफिसमधून आत्ताच फोन आला. शनिवारी सराव संपल्यावर व्हॅन त्यांच्या आवारात रात्रभर ठेवता येणार नाही, ठेवली तर टो करतील. रविवारी सकाळी सातला मिरवणुकीची जमवाजमव आहे. यंदा भाड्याने मिळालेल्या व्हॅनला मागे काचा आहेत, बाहेरून ढोल स्वच्छ दिसतात. माझ्या अपार्टमेंटचं पार्किंग उघडं आहे, तिथे नको. फ्रीमाँट, मिल्पिटास, सनीवेल, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास कुठेही सोय असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा.

श्रीकांत काका, फ्रीमाँट

अनिरुद्ध, माझ्या घरासमोर लाव. दिव्याचा खांब अगदी दारात आहे. ढोलांवर काळ्या चादरी टाका म्हणजे दिसणार नाहीत. मागच्या वेळी मंडपाचं कापड उरलं होतं, ते विनयकडे आहे.

मेधा

काका, चादरी नकोत, प्लीज. झाकलेलं काही दिसलं की आत माल आहे हे चोराला आपणच सांगतो. इथले चोर मागच्या दाराची ती छोटी तिकोनी काच फोडतात, हात घालून सीटची पाठ खाली पाडतात आणि डिकीत डोकावतात. म्हणून डिकीत ठेवलेलंही सुरक्षित नसतं. आमची एसयूव्ही सॅन फ्रान्सिस्कोला न्यायची असेल तर आम्ही मागच्या सीट आधीच पाडून ठेवतो. डिकी रिकामी आहे हे बाहेरूनच दिसलं पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून आले होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सला उतरल्यावर त्यांनी सीटवरची बॅग सगळ्यांसमोर डिकीत ठेवली. पार्किंगमध्ये कुणीतरी बसून बघत असणार. फोटो काढून परत येईपर्यंत बॅग गेली, दोघांचे पासपोर्ट गेले. काचेचे चौकोनी खडे मुलाच्या कार सीटच्या पट्ट्यांत इतके रुतले होते की चिमट्याने काढूनही निघेनात, शेवटी सीट टाकून दिली. जे ठेवायचं ते घरून निघतानाच ठेवा, पोहोचल्यावर डिकी उघडूच नका.

विनय

मेधा वहिनी, ज्यांचे आईवडील सध्या आलेत त्यांच्यासाठी: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा, व्हिसाचा आणि आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) फोटो फोनमध्ये ठेवा. पोलीस रिपोर्टमध्ये पासपोर्ट नंबर आठवणीने घाला, पुढे वकिलातीच्या कामाला तोच रिपोर्ट लागतो. चोर पळून गेला असेल तर सॅन फ्रान्सिस्कोत रिपोर्ट ऑनलाइन करता येतो. खरं तर पासपोर्ट घेऊन फिरायला जायचंच कशाला?

मेधा

पासपोर्ट घेऊन फिरायला गेले नव्हते. तिथूनच पुढे एअरपोर्टला निघायचं होतं.

संजय, मिल्पिटास

माझं मत वेगळं आहे. सामान उतरवता येत असेल तर उतरवा आणि दारं उघडी ठेवा. काच तरी वाचेल. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला लोक डिकी उघडी टाकून गाड्या लावायचे, बातम्यांत आलं होतं. गेल्या वर्षी माझी काच फुटली तेव्हा आत फक्त चार्जरची वायर होती. काचेचा खर्च डिडक्टिबलपेक्षा (विम्याआधी आपण भरायच्या रकमेपेक्षा) कमी, म्हणजे सगळा खिशातून.

सुधीर काका

संजय, दार उघडं ठेवायचा सल्ला अजिबात देऊ नकोस. कॅलिफोर्नियात गाडी फोडल्याचा गुन्हा शाबीत करायला दार लॉक होतं हे दाखवावं लागायचं. मालक परगावचा पर्यटक असला तर कोर्टात येऊन ते सांगणार कोण? त्यामुळे बरेच खटले उभेच राहायचे नाहीत. तेव्हाचे राज्य सिनेटर स्कॉट वीनर यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२४ मध्ये एसबी ९०५ या विधेयकावर सही झाली आणि २०२५ पासून ती पळवाट बुजली. कायदा बदलला हे चांगलंच झालं, पण म्हणून पथकाची वाद्यं भरलेली व्हॅन उघडी ठेवायची? काच गेली तर भरून येते. ढोल पुण्याहून मागवायला किती महिने लागले ते अनिरुद्धला विचार.

आणि वायरसुद्धा ठेवायची नाही. वायर दिसली की लॅपटॉप असेल असंच त्यांना वाटतं.

प्रकाश

काचेचं काय घेऊन बसलात, माझ्या २००८ च्या प्रियसचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) रात्री ड्राइव्हवेमधून कापून नेला. सकाळी गाडी सुरू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात आणि त्या पिढीच्या प्रियसवर चोरांचा विशेष डोळा. नवीन बसवल्यावर खालून धातूची पाटी लावून घेतली. २०२३ पासून भंगारवाल्यांना असे सुटे कन्व्हर्टर वाटेल त्याच्याकडून घेता येत नाहीत, तरी जुनी प्रियस असेल त्यांनी पाटी लावाच.

श्रीकांत काका

प्रकाश, ही पाटी कुठे लावून मिळते? आमच्या हिची गाडी २००७ ची आहे.

सुनीता (खजिनदार)

नमस्कार. कन्व्हर्टरचा धागा वेगळा काढा, कृपया.

व्हॅनबद्दल सगळ्यांनी नीट वाचा. गाडीचा विमा गाडीचा असतो. कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी-तोडफोडीचं कव्हर) असेल तर काच मिळते, आतलं सामान नाही. आतलं सामान स्वतःचं असेल तर साधारणपणे घराच्या किंवा रेंटर्स (भाडेकरूंच्या) पॉलिसीत बघायचं. ढोल व्हॅन चालवणाऱ्याच्या मालकीचे नाहीत, त्यामुळे तिथेही पैसे मिळतील असं धरून चालू नका. मंडळाची पॉलिसी लायबिलिटीची आहे, कुणाला इजा झाली तर. वस्तूंसाठी इनलँड मरीन नावाची वेगळी पॉलिसी लागते, फिरत्या सामानासाठी असते ती. मी मार्चच्या मीटिंगमध्ये कोटेशन आणलं होतं, तेव्हा पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. तेव्हा या शनिवारी ढोल गेले तर ते गेलेच.

अनिरुद्ध (पथक)

सुनीताताई, एक दुरुस्ती. ढोल-ताशे पथकाच्या वर्गणीतून घेतलेत, मंडळाच्या खात्यातून नाहीत. मंडळाचे फक्त ध्वज आणि लेझीम.

सुनीता (खजिनदार)

अनिरुद्ध, पावत्या मंडळाच्या नावावर आहेत, कर सवलतीसाठी तुम्हीच तसं सांगितलं होतं. मालकी नंतर ठरवू. शनिवारचं बोला.

केतकी

मी सुचवू का? एका ढोलाच्या आत एअरटॅग (फोनवर ठिकाण दाखवणारी छोटी चकती) बांधूया. दोरीत अडकवला तर आवाजालाही धक्का लागत नाही, मी सरावाला करून बघितलंय.

सुधीर काका

केतकी, बांध जरूर. पण चोराकडे आयफोन असेल तर अनोळखी एअरटॅग बरोबर फिरतोय अशी सूचना त्यालाही जाते. आणि फोनवर ठिकाण दिसलं म्हणून आपल्यापैकी कुणीही तिथे जायचं नाही. पोलिसांना कळवायचं, बस.

श्रीकांत काका

चादर नको तर नको. पण व्हॅन मागच्या बाजूने भिंतीला अगदी खेटून लावली तर मागचं दार उघडतच नाही. सरकत्या दाराच्या बाजूला माझी कॅमरी लावतो. स्टिअरिंगचा लोखंडी दांडाही आहे माझ्याकडे, म्हणजे अख्खी व्हॅन न्यायचं कुणाच्या मनात आलं तरी अवघड जाईल.

मेधा

काका, तेवढ्याने दार उघडणार नाही, काच फुटेलच. मला कळत नाही, ढोल व्हॅनमध्येच ठेवायचा हट्ट का? फ्रीमाँटला गॅरेज असलेली किती घरं आहेत! रात्री उतरवा, सकाळी चढवा.

अनिरुद्ध (पथक)

वहिनी, हट्ट नाही. वीस ढोल आणि आठ ताशे आहेत. मुलं तीन तास वाजवून थकलेली असतात, रात्री दहाला उतरवायचे आणि पहाटे साडेपाचला पुन्हा चढवायचे म्हटलं की सहा जणं तरी लागतात. दर वर्षी उतरवताना पंधरा जणं असतात आणि चढवताना मी आणि ओंकार. शिवाय घाईत एकावर एक रचले की पानाला (ढोलाच्या वाजवायच्या पडद्याला) कडं लागतं. गेल्या वर्षी दोन पानं अशीच फाटली.

संजय, मिल्पिटास

माझं टू-कार गॅरेज आहे. दोन्ही गाड्या बाहेर काढतो, आत काही नसेल याची खात्री करतो. साडेपाचला मी आणि आमचा आदित्य हजर. अजून चार जणं द्या. पत्ता आणि गॅरेजचा कोड खाली देतो

सुनीता (खजिनदार)

संजय, थांबा! कोड इथे टाकू नका. या यादीवर सोडून गेलेले, शहर बदललेले, कोण कोण आहे. अनिरुद्धला फोनवर सांगा. मिरवणूक अमुक वेळेला आहे म्हणजे आपण सगळे घरी नाही, हेसुद्धा फेसबुकवर पत्त्यासकट टाकू नका.

विनय

साडेपाचला मी येतो. चहा असेल का?

केतकी

मी आणि रोहन. जुनी ब्लँकेट्स आणते, दोन ढोलांच्या मध्ये घालायला.

श्रीकांत काका

मला वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, पण थर्मास घेऊन येतो. रिकामी व्हॅन मात्र माझ्याच दारात लावा, दांडा लावून ठेवतो. सीट पाडून ठेवा आणि चालकाच्या कप्प्यात भाड्याचे कागद ठेवू नका.

अनिरुद्ध (पथक)

अजून एक जण हवा, ट्रकवर माल चढवायची सवय असलेला असेल तर उत्तम. ताशे शेवटी चढवायचे, खाली ढोल उभे, आडवे नाहीत. सगळी टिपरं ओंकारच्या निळ्या पिशवीत, ती तो घरी नेईल. ढोल ठेवल्यावर ध्वजाच्या काठ्या गॅरेजमध्ये मावत नाहीत असं संजय म्हणतोय. उघड्या ड्राइव्हवेत नको, आत ठेवायला जागा असलेलं कुणी आहे का?

प्रकाश

काठ्या माझ्याकडे. प्रियस बाहेर लावेन, आता पाटी आहे.