मुलीच्या ल्युकेमियावरील संशोधनाला संमती द्यावी का?

कोल्हापूरची आई

आमच्या आठ वर्षांच्या मुलीला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला असून मुंबईत उपचार सुरू आहेत. मी तिच्याजवळ असते. यजमान दुकान आणि धाकट्या मुलाला सांभाळून गावाकडे थांबले आहेत. पहिला टप्पा संपत आला आहे. स्टिरॉइडमुळे तिचा चेहरा सुजला आहे आणि रात्री दोन वाजता उठून ती पिठलं-भात मागते.

पुढच्या टप्प्यासाठी डॉक्टरांनी एका अभ्यासाचे संमतीपत्र दिले आहे. त्यात मुलांचे दोन गट असतील आणि कोणाला कोणता गट मिळेल हे संगणक ठरवील. सासरे म्हणतात, ‘नातीवर प्रयोग नकोत.’ नकार दिला तर उपचारांत काही कमी पडेल का? ज्यांनी अशी संमती दिली, त्यांनी कशाच्या आधारे निर्णय घेतला?

नाशिककर

ताई, माझ्या मुलाचे उपचार पूर्ण झाले आहेत आणि आम्ही संमती दिली होती. ‘प्रयोग’ या शब्दाने आमच्याही घरी सगळे घाबरले होते. मात्र आमच्या अभ्यासात एका गटाला औषध आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे नव्हते. एका गटाला प्रचलित उपचार होते आणि दुसऱ्या गटात त्यातील एकाच औषधाची मात्रा थोडी बदलली होती. आपल्या अभ्यासात नेमके काय बदलणार आहे, कमरेतून पाणी काढणे किंवा बोनमॅरोची (हाडातील मगजाची) तपासणी जादा करावी लागेल का, वाढीव तपासण्यांचा खर्च कोण करील आणि रात्री-अपरात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा, हे सही करण्याआधी स्वच्छ विचारून घ्या. सासऱ्यांनाही एकदा डॉक्टरांसमोर बसवा, कारण त्यांच्या शंकांना तुम्ही घरी उत्तरे देणे आणि डॉक्टरांनी देणे यांत फार फरक पडतो.

बालकर्करोग विभागातील परिचारिका

नकार दिल्यास प्रचलित उपचार पूर्णपणे मिळतात आणि संमती दिल्यावरही कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येते. अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी असते आणि त्याची नोंद राष्ट्रीय नोंदणीत असते. तो नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. सात वर्षांवरील मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचीही तयारी विचारावी लागते, म्हणून तुमच्या लेकीलाही सगळे ऐकण्याचा हक्क आहे.

हे संशोधन इथेच का हवे, तेही सांगते. देखभालीच्या, म्हणजे शेवटच्या लांब टप्प्यात रोज दिली जाणारी मर्कॅप्टोप्युरीनची गोळी काही मुलांना नेहमीच्या मात्रेत सोसत नाही, पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. यामागचा एनयूडीटी१५ या जनुकातील बदल युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत बराच जास्त आढळतो. शिवाय आपल्याकडे जंतुसंसर्ग आणि कुपोषण यांचे प्रमाण अधिक असल्याने परदेशातील तीव्र उपचार जसेच्या तसे उचलता येत नाहीत. म्हणूनच देशातील अनेक केंद्रांनी एकत्र येऊन ‘आयसिकल-ऑल-१४’ हा अभ्यास हाती घेतला. अशा अभ्यासांतूनच उपचार पुढे गेले आहेत. १९४७-४८ मध्ये बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या सोळा मुलांना ॲमिनोप्टेरिन दिले आणि त्यांपैकी दहा जणांचा आजार काही काळ मागे हटला; ते औषध पुरवणाऱ्या कंपनीचे संशोधनप्रमुख आपले भारतीय शास्त्रज्ञ यल्लप्रगडा सुब्बाराव होते. त्या मुलांपैकी कोणीही कायमचे बरे झाले नाही, पण त्याच वाटेने मेथोट्रेक्सेट हे औषध आले आणि तुमच्या मुलीच्याही उपचारांत ते असणार आहे.

सोलापूरचे बाबा

आमचा मुलगा राहिला नाही. दोनदा आजार उलटला. तरीही लिहितो आहे, कारण संशोधनाला हातभार लावावा असे मला आजही मनापासून वाटते. त्याच्या बोनमॅरोचा उरलेला नमुना अभ्यासासाठी जपून ठेवायला आम्ही परवानगी दिली होती आणि त्याचा आम्हाला कधीही पश्चात्ताप झाला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाने विकसित केलेल्या कार-टी पेशी उपचाराला (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती पंधरा वर्षे आणि त्यापुढील रुग्णांसाठी. लहान मुलांसाठी असे उपचार खुले व्हायचे, तर लहान मुलांमध्येच अभ्यास व्हावे लागतील आणि त्यासाठी कोणाच्या तरी आईवडिलांना सही करावी लागेल. तुमच्यावर मात्र कसलेही ओझे नाही. डॉक्टर वेळ देत असतील, तर तो पूर्ण घ्या.

आणखी एक गोष्ट. पुढच्या टप्प्यांतही काउंट (रक्तातील पेशींची संख्या) खाली जातील, तेव्हा प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) लागतील. त्या साधारण पाच दिवसच टिकतात, म्हणून दाते आधीपासून ठरवून ठेवावे लागतात. आमच्या रक्तदात्यांच्या गटातील काही जण मुंबईत नियमित एसडीपी (एकाच दात्याकडून यंत्राने घेतलेल्या प्लेटलेट्स) देतात; मुलीचा रक्तगट मला व्यक्तिगत संदेशात कळवावा, म्हणजे मी आजच त्यांच्याशी बोलतो.