चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी: कोणाचं रेकॉर्डिंग ऐकू? (आणि गाडीत आवाज का गायब होतो)

नाशिकरोडकर
मंडळी, वेस्टर्न क्लासिकलमधलं मला ओ की ठो कळत नाही, आधीच सांगतो. मामाच्या कपाटात झुबिन मेहतांची चायकोव्हस्कीची (रशियन संगीतकार म्हणे) एलपी सापडली, प्लेअर नाहीये म्हणून नुसतं कव्हर बघून मोबाईलवर सहावी सिंफनी शोधली, ती पॅथेटिक म्हणतात ती, आणि आता नाशिकरोड ते सातपूर जाता-येता गाडीत लावतोय. पण सुरुवातीला काही ऐकूच येत नाही हो, आवाज वाढवत वाढवत फुल करतो, परवा द्वारकेच्या सिग्नलला नऊ-दहा मिनिटं झाली असतील, एकदम चिडीचूप, म्हटलं ब्लूटूथ गेलं, बटण दाबायला हात पुढे केला आणि असं काही धाडकन वाजलं की शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. फाईल खराब आहे का? आणि तिसरा भाग एवढा दणक्यात संपतो, मग त्यानंतर ते रडगाणं कशाला? ऐकायचं तर कोणाचं ऐकू तेही सांगा, ढीगभर दिसताहेत.

चौथी_पट्टी
फाईल ठणठणीत आहे दादा, दचकवायचंच होतं चायकोव्हस्कीला. त्या धाडकनच्या आधी बसून नावाच्या वाद्याला (हसू नका, नावच ते) चार सूर आहेत, त्याखाली सहा पी लिहिलेत. एक पी म्हणजे हळू आवाजात, दोन म्हणजे फार हळू, सहा म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. बसूनला इतक्या खाली इतकं हळू वाजवणं महाकठीण, म्हणून बरेच कंडक्टर (बसमधले नव्हे, ऑर्केस्ट्रा चालवणारे) ते चार सूर बास क्लॅरिनेटला देऊन टाकतात. द्वारकेला हे ऐकू येणं शक्यच नाही, तिथे स्वतःचा हॉर्न ऐकू येत नाही.
रेकॉर्डिंग विचाराल तर डोळे झाकून म्राविन्स्की हा कंडक्टर, ऑर्केस्ट्रा लेनिनग्राड फिलहार्मोनिक, १९६०चं. कुठे रेंगाळणं नाही, लाडीगोडी नाही. शेवटचा भाग १० मिनिटांच्या आत आटपतो आणि तरी घशाशी येतं.

रात्रपाळी
आटपतो हाच शब्द बरोबर, उरकल्यासारखं वाटतं मला ते. कंडक्टर बर्नस्टाईनचं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबरचं १९८६चं ऐका, तोच शेवटचा भाग १७ मिनिटांच्या आसपास. वाजवतानाच लोकांचा जीव जातोय असं वाटतं. आणि हे लिहून नऊ दिवसांत चायकोव्हस्की गेला, ही त्याची सुसाईड नोटच होती, मग घाई कशाला करायची?

चौथी_पट्टी
ओ थांबा, लिहून नाही, पहिल्यांदा वाजवून नऊ दिवसांत. लिहून तर ऑगस्ट १८९३ मध्येच झाली होती. २८ ऑक्टोबरला पीटर्सबर्गला त्याने स्वतः कंडक्ट केली आणि ६ नोव्हेंबरला गेला, वय ५३. तेव्हा कारण कॉलरा सांगितलं, त्यावर वाद घालणारे अजून घालतात. पण सुसाईड नोट वगैरे नंतर चिकटवलेलं, आपली ही सगळ्यात चांगली कृती असं तो खुशीत सांगत होता. शिवाय पॅथेटिक म्हणजे बिच्चारं नव्हे, रशियन नावाचा अर्थ भावनेनं भरलेली असा आहे. बर्नस्टाईन मलाही आवडतो, पण आठवड्यातून एकदा नाही झेपत.

ना_धीं
मी तबलावाला, मला बाकीचं माहीत नाही, पण दुसरा भाग कोणी मोजून बघितलाय का? पाच-पाच मात्रा, दोन अधिक तीन. मी सहज मांडीवर दहा मात्रांचा झपताल धरला, धी ना, धी धी ना, त्यांचे दोन बार म्हणजे आपलं एक आवर्तन, चपखल बसलं राव! तिकडे याला लंगडा वॉल्ट्झ म्हणतात म्हणे, वॉल्ट्झ हा नाच तीन-तीन मात्रांचा असतो ना, म्हणून. लंगडा कसला, आमच्या क्लासातली दहा वर्षांची पोरं त्यावर टाळी देतील. खाली-भरी नाहीये अर्थात, ते आपलं आपण घालायचं.

गंगापूररोड_आजी
नाशिकरोडकर, तुम्ही विचारलंत त्या रडगाण्याबद्दल सांगते. तिसऱ्या भागानंतर हॉलमध्येही लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा तुम्ही एकटे नाही. पण चौथ्याची पहिली धून इयरफोन घालून ऐका. ती कोणीच पूर्ण वाजवत नाही. एक सूर पहिल्या व्हायोलिनांचा, पुढचा दुसऱ्यांचा, परत पहिल्यांचा, आणि धून तयार होते ती आपल्या कानात. पुढे तीच धून परत येते तेव्हा मात्र ती एकट्या पहिल्या व्हायोलिनांकडे असते. म्राविन्स्की दोन्ही गट डावी-उजवीकडे समोरासमोर बसवायचा, म्हणून त्याच्याकडे हे कळतं. बरेच कंडक्टर सगळी व्हायोलिनं एकाच बाजूला बसवतात, मग हा खेळच वाया जातो. मला स्वतःला एवढ्या एका गोष्टीसाठी म्राविन्स्की लागतो. घाईचं म्हणाल तर हो, थोडी आहे.

नाशिकरोडकर
सगळ्यांना थँक्यू. काल रात्री घरातले झोपल्यावर म्राविन्स्की लावला, आधी इयरफोनवर, आजींनी सांगितलेलं डावं-उजवं खरंच कळलं, अंगावर काटा आला. मग बर्नस्टाईन साध्या स्पीकरवर बारीक आवाजात. शेवटी चेलो आणि डबल बास इतके खाली खाली जातात की ते वाजताहेत की आमचा फ्रीज घुरघुरतोय हेच कळेना. उठून फ्रीज बंद केला, शेवटची पाच मिनिटं परत लावली, वाजतच होते ते. मग तसाच झोपलो. सकाळी दोन लिटर दूध नासलंय, बायको विचारतेय फ्रीजचं बटण कोणी बंद केलं, अजून सांगितलेलं नाही.