अमेरिकन कॉलेज खेळ: पॅक-१२ गेली, आता एसीसीचा नंबर? टीव्हीच्या पैशावर कॉन्फरन्स (कॉलेज टीमच्या लीग) ठरवायच्या का?

सिएटलकर:
परत तेच सुरू झालंय. फ्लोरिडा स्टेट नि क्लेमसन एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) सोडून बिग टेन कॉन्फरन्समध्ये जाणार का एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) मध्ये, नॉर्थ कॅरोलिनाला कोण उचलणार, रोज नवा अंदाज. मला यात मजा वाटत नाही, राग येतो, कारण आमच्या वेस्ट कोस्टच्या पॅक-१२ मध्ये हे होऊन गेलंय. जून २०२२ मध्ये यूएससी नि यूसीएलएने बिग टेनचा रस्ता धरला, पुढच्या वर्षी कोलोरॅडो बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्सला गेलं, आणि ४ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवसात ऑरेगॉन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट, युटा असे पाच जण बाहेर. १९१५ पासूनची कॉन्फरन्स, मागे राहिल्या दोन टीम. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड नि बर्कली तर चक्क अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये!

अमेरिकन फुटबॉलचं एक वेळ समजू शकतो, आठवड्याला एक मॅच, बाहेरगावच्या मोजून पाचसहा. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या पोरींनी टर्म चालू असताना सिएटलहून न्यू जर्सीला जायचं, घड्याळ तीन तास पुढे, परत आल्यावर लॅब नि परीक्षा आहेतच. माझं म्हणणं, फुटबॉलची वेगळी लीग करा, तिचे टीव्ही हक्क कुणाला विकायचे ते विका, बाकी सगळे खेळ आपापल्या भागात परत आणा.

रटगर्सवाला:
असहमत. बाकी खेळांचा खर्च कोण करतं? फुटबॉलच ना? यूसीएलए निघालं तेव्हा त्यांच्या अ‍ॅथलेटिक्सचा साठलेला तोटा १० कोटी डॉलरच्या वर होता, खेळच बंद करायची वेळ आली होती. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत ठिकाणी २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं, नंतर ओरडा झाला म्हणून मागे घेतलं. बिग टेनचं २०२२ चं टीव्ही डील बघा, फॉक्स, सीबीएस, एनबीसी मिळून ७ वर्षांचे ७०० कोटी डॉलरच्या वर. आम्हाला, म्हणजे न्यू जर्सीच्या रटगर्सला, बिग टेनमध्ये २०१४ ला घेतलं तेही न्यू यॉर्कच्या केबल मार्केटसाठीच, सगळ्यांना माहितीये, पण त्या पैशावर कुस्ती चालते, सॉकर चालतो. लांबचा प्रवास त्रासाचा आहे, मान्य, पण टीमच नसण्यापेक्षा बरा.

आणि पॅक-१२ कुणी मारली म्हणता? स्वतःचं नेटवर्क काढलं, डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीशी कधी जमलं नाही, आणि शेवटी हातात अ‍ॅपलची ऑफर, तीही सबस्क्रायबर किती येतात त्यावर कमाई. कोण थांबणार?

पुलमनची_कूगर:
मी वॉशिंग्टन स्टेटला शिकले, ज्या दोन टीम मागे राहिल्या त्यातली एक. दादा, "कोण थांबणार" हे बोलायला सोपं आहे. आमचं काय चुकलं? पुलमन लहान गाव, टीव्ही मार्केट नाही, एवढंच. मग आम्ही नि ऑरेगॉन स्टेटने कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचा ताबा मिळवला, दोनच टीमवर सीझन काढले आणि २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना घेऊन पॅक-१२ परत उभी केली. पैसा पूर्वीसारखा नाही, पण मेलो नाही.

ऑस्टिनकर:
सगळं वाईटच झालं असं नाही हां. टेक्सास एसईसीत आल्यामुळे टेक्सास ए अँड एमशी मॅच २०११ नंतर थेट २०२४ ला परत सुरू झाली, इथे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात लोक दुसरं काही बोलत नव्हते. अर्थात त्याच उलाढालीत ओक्लाहोमा नि ओक्लाहोमा स्टेटची बेडलम नावाची दरवर्षीची मॅच गेली, तेव्हा ओक्लाहोमावाल्यांना विचारलं तर वेगळं सांगतील.

सिएटलकर:
@रटगर्सवाला, या जाण्याने नुकसान होतं हे यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, यूसीएलए नि बर्कली दोन्ही तिचेच) रीजंट्सनीच, म्हणजे तिच्या नियामक मंडळानेच, मान्य केलं की! यूसीएलए निघून गेलं म्हणून बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायला लावले. एकाच सरकारी युनिव्हर्सिटीचा हा हात त्या हाताला भरपाई देतोय. पैसा आला कबूल, पण २०२५ च्या कोर्टातल्या सेटलमेंटनंतर कॉलेजला खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी (२०२५-२६) २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, त्यातला बहुतेक फुटबॉलकडेच वळणार. पोरांना मिळतंय ते योग्यच आहे, पण मग सॉफ्टबॉलसाठी उरतं किती ते सांगा, आणि उरत नसेल तर तिला तीन टाइम झोन पलीकडे पाठवायचं कशासाठी?

रटगर्सवाला:
मुद्दा बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. फुटबॉल वेगळा झाला की तो बाकीच्यांना एक डॉलर देणार नाही, आज निदान एका तिजोरीत तरी आहे. आणि एसीसीबद्दल, फ्लोरिडा स्टेट नि क्लेमसनशी मार्च २०२५ ला झालेल्या तडजोडीत बाहेर पडायचा दंड वर्षागणिक कमी होत २०३०-३१ ला साडेसात कोटी डॉलरवर येतो, बिग टेनचं डीलही साधारण तेव्हाच संपतं. तोपर्यंत कुणी हलत नाही, तुम्ही रोजच्या अफवा वाचणं सोडा.

पुलमनची_कूगर:
आम्हालाही २०२२ मध्ये असंच सांगत होते, की आता कुणी हलत नाही.