धान्यात किडे झालेत, पोत्याला गोळ्या किती? (तातडीने मदत हवी)

माणदेशी_गडी: धान्याला बेक्कार किडे लागलेत, पोत्याखाली पीठ पडतंय. सल्फासच्या गोळ्या आणून ठेवल्यात. पोत्याला किती टाकायच्या? आज रात्रीच टाकून मोकळं व्हायचंय.

रानमाती: कुठलं धान्य? खायचं का बियाण्याचं? ठेवलंय कुठं?

बोरूबहाद्दर: कडुलिंबाचा पाला घाला. आमच्या आजीने जन्मभर तेच केलं.

पंचगंगा_काठ: मक्यावरची लष्करी अळी असेल तर पोंग्यात इमामेक्टिन बेंझोएट फवारा. अळी मोठी झाली की दाद देत नाही.

माणदेशी_गडी: अहो मका नाही, ज्वारी! आणि शेतात नाही, पोत्यात. फक्त गोळ्यांचं सांगा.

सुगरण: मी तांदळाला बोरिक पावडर चोळते. वर्षभर बघायला नको.

रानमाती: ताई, तांदूळ तुम्ही धुऊन घेता. ज्वारी थेट गिरणीत जाते. आणि बोरूबहाद्दर, पाला कीड लागायच्या आधी. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, वरून बुजवते. अळी आतच वाढते, तिथं पाला काय करणार?

बोरूबहाद्दर: म्हणजे आमची आजी खुळी?

रानमाती: आजींनी मार्चच्या उन्हात कडकडीत वाळवून भरली असणार. काम उन्हाने केलं, नाव पाल्याचं झालं.

गोदामवाला_निवृत्त: गडी, पोती कुठं आहेत ते अजून सांगितलं नाहीत.

माणदेशी_गडी: माजघरात. आजोबा तिथंच झोपतात. त्यांचा काय संबंध?

गोदामवाला_निवृत्त: सगळा संबंध त्यांचाच आहे. गोळ्यांना हात लावू नका, डबी उघडू नका. हवेतल्या ओलीनेच त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा नाही. राहत्या घरात चालत नाही म्हणजे नाही. आम्ही गोदामात ताडपत्री टाकून, कडा दाबून, प्रशिक्षित माणूस उभा करून करायचो. जिथून आणल्यात तिथं डबी बंदच परत द्या.

आता ज्वारी. पोती ओसरीवर काढा, चाळून घ्या. फार पोखरलेली वेगळी करा. कोरड्या बरणीत कोरडं मीठ आणि मूठभर ज्वारी घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल आहे. नसेल तर हवाबंद पिशव्यांत तोंड घट्ट बांधून तीनेक आठवडे उघडू नका, प्राणवायू संपला की किडे मरतात. ओली भरलीत तर बुरशी धरेल. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय परत वापरू नका.

बोरूबहाद्दर: हेच तर पेवात, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात व्हायचं! पेव पुन्हा सुरू करायला पाहिजेत.

रानमाती: आणि पेवात उतरलेली माणसं गुदमरून जायची ते? दिवा सोडून बघायचे आधी, विझला तर उतरायचं नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, २००५ च्या पुरात त्यांचंही वाटोळं झालं.

सुगरण: मालदांडी ज्वारी आहे का हो? भाव काय?

माणदेशी_गडी: विकायची नाही ताई. गोळ्या परत दिल्या, दुकानदार कुरकुरला. पोती ओसरीवर आहेत, पण मीठ चिकटतंय आणि आठवडाभर ऊन नाही. आता?

गोदामवाला_निवृत्त: आत कोरड्या फरशीवर बोटभर जाडीत पसरा, पंखा लावा, दर दोन-तीन तासांनी पालथी करा. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत भरू नका. आणि पीठ पडतंय म्हणालात, त्या किड्याला सोंड आहे का नाही?